तिसरा व्हॅक्यूम घेण्याआधी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. वर तीन बेडरूम आणि जिना, सगळीकडे कारपेट. खाली लाकडी फरशी आणि हॉलमध्ये माहेरहून आणलेला लोकरीचा हातविणीचा गालिचा. पाच वर्षांत दोन अपराइट (उभे, पुढे ढकलायचे) व्हॅक्यूम झाले, दोन्ही बिनपिशवीचे, दीडशे डॉलरच्या आतबाहेरचे. पहिल्याला एक दिवस जळक्या रबराचा वास आला, ब्रश फिरायचा थांबला, तो टाकून दिला. दुसरा चालतो, पण ओढत नाही आणि अर्ध्या खोलीत आपोआप बंद पडतो. सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात, त्यांना दमा आहे. माझे आणि मुलीचे केस लांब आहेत. बजेट तीनशे डॉलर, अगदी पटलं तर सहाशे. नणंद म्हणते कॉर्डलेस घे, नवरा म्हणतो रोबो घे. परवा दारावर एक विक्रेता आला, आमच्याच कारपेटमधून काळ्या फडक्यावर धूळ काढून दाखवली आणि जवळजवळ दोन हजार किंमत सांगितली. खरंच एवढे घालावे लागतात का? आणि पुण्याला आईबाबांसाठी एक नेता येईल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : दोन हजार घालू नका. आणि नवीन बघायला जाण्याआधी घरात आहे तो आडवा पाडून बघा. तुम्ही लिहिलेली लक्षणं यंत्र तुंबल्याची आहेत, मेल्याची नव्हेत.

पहिल्याचं काय झालं असेल ते तर न बघताही सांगता येतं. अपराइटच्या खालच्या डोक्यात एक गोल ब्रश असतो, लाटण्याएवढा. मोटरच्या दांड्यावरून एक रबरी पट्टा त्याला फिरवतो. लांब केस आधी ब्रशभोवती गुंडाळतात, ते निदान दिसतात. पण काही केस सरकत सरकत दोन्ही टोकांना जातात, जिथे बेअरिंग असतं, आणि तिथे त्यांची घट्ट गुंडी होते. ब्रश जड होतो, मग अडतो. मोटरचा दांडा मात्र फिरतच राहतो, थांबलेल्या पट्ट्यावर घासतो, रबर वितळतं. तोच तो वास. पट्टा पाच ते दहा डॉलरला मिळतो आणि बदलायला स्क्रू-ड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं पुरतात. टोकाचं प्लास्टिकही वितळलं असेल तर अख्खा ब्रश, म्हणजे आणखी वीस ते चाळीस डॉलर. झालं ते झालं, पण हे लक्षात ठेवा, कारण केस तुमच्या घरात राहणारच आहेत आणि पुढचा व्हॅक्यूम कितीही भारी घेतलात तरी त्यालाही ब्रश असणारच.

आता दुसरा. प्लग काढा, हे पहिलं. डबा काढून फिल्टर बाहेर घ्या. बहुतेक बिनपिशवीच्या यंत्रांत दोन असतात. मोटरच्या आधी एक स्पंज किंवा फेल्टचा, हवा बाहेर पडते तिथे दुसरा, घड्या घातलेल्या कागदासारखा. स्पंजवाला गार पाण्यात, साबणाशिवाय, पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळा आणि पूर्ण २४ तास वाळू द्या. उन्हात ठेवला तरी आतून ओला राहतो. ओलाच लावला तर धूळ त्यावर चिखलासारखी बसते, कुबट वास सुटतो आणि ओल मोटरकडे जाते. घड्यांचा फिल्टर पुस्तिकेत धुवा असं लिहिलं असेल तरच धुवायचा.

मग नळ्या. वरची लांब नळी दोन्हीकडून सोडवा आणि एका टोकातून एक नाणं सोडा. दुसऱ्या टोकातून खणकन पडलं तर नळी मोकळी. अडकलं तर आत बोळा आहे. तो टोकदार तारेने खेचू नका, नळीला भोक पडतं. पडदा लावायचा दांडा किंवा झाडूची काठी वापरा. आणि सगळ्यात जास्त तुंबणारी जागा कोणी बघतच नाही. डोक्यातून वर येणारी वीतभर आखूड नळी, यंत्र आडवं केल्यावर चाकांच्या मागे दिसते ती. पायमोजा, हेअरपिन, केस आणि कारपेटचा लोकरा यांचा गोळा तिथे बसतो.

अर्ध्या खोलीत बंद पडतो त्याचं कारणही हेच. घरगुती अपराइटमध्ये ओढलेली हवाच बहुधा मोटरला थंड करते. वाट तुंबली की हवा कमी, मोटर तापते, आतला तापरक्षक स्विच वीज तोडतो. अर्ध्या-पाऊण तासाने थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं आणि आपल्याला वाटतं, आता बरा झाला. असं वारंवार होत राहिलं की मोटर खराब होते. कान उघडे ठेवलेत तर याची सूचना आधी मिळते. हवा अडली की मोटरवरचा भार कमी होऊन ती जास्त वेगाने फिरते, आवाज बारीक आणि किरकिरा होतो. आवाज चढला की त्याच क्षणी बंद करा आणि बोळा शोधा.

एवढं करून हा यंत्र सुधारला, आणि बहुधा सुधारेलच, तर तो खालच्या मजल्याला ठेवा. वरच्या कारपेटसाठी आणि सासूबाईंच्या दम्यासाठी मात्र वेगळा घ्या, आणि तो पिशवीचा घ्या.

पिशवी हे आमचं ठाम मत आहे. बिनपिशवीच्या डब्यात धूळ गोल फिरवून बाजूला फेकली जाते. भरड कचरा सुटतो, पण बारीक पूड शेवटी फिल्टरवरच येते. डबा कचऱ्याच्या पेटीवर उलटा केला की त्यातली चांगली मूठभर तुमच्या तोंडावर. दम्याच्या माणसाच्या घरात रोज धूळ गोळा करून आठवड्याला एकदा ती उधळायची, याला अर्थ नाही. चांगली पिशवी कृत्रिम धाग्याची, अनेक थरांची असते. ती स्वतःच पहिला मोठा फिल्टर असते आणि तोंडाला झाकण असलं तर बंद होऊनच बाहेर निघते. खर्च एका पिशवीला दोन ते चार डॉलर. तुमच्या घराला महिन्याला एक धरा. दोन-तृतीयांश भरली की बदला, गच्च होईपर्यंत थांबू नका. आणि पिशवी सासूबाई दुसऱ्या खोलीत असताना, शक्यतो गॅरेजमध्ये बदला.

आपल्या घरांत एक खास शत्रू असतो, रांगोळी. ती दगडाची बारीक पूड. दिवाळीनंतर ती व्हॅक्यूमने ओढली तर बिनपिशवीचा फिल्टर पाच मिनिटांत पांढरा होऊन बंद होतो, आणि पिशवीची छिद्रंसुद्धा बुजतात. पिशवी हलकी लागते, अर्धीच भरलेली असते, पण ओढ संपलेली. आधी केरसुणीने सुपलीत भरा, उरलेली धूसर पूड तेवढी ओढा आणि लगेच पिशवी बदला. उदबत्तीची राख आणि कारपेटला वास जावा म्हणून टाकतात तो बेकिंग सोडा, यांनाही हेच लागू. राखेत जिवंत निखारा असेल तर पिशवी पेटू शकते, म्हणून ती मुळीच ओढू नका. गणपतीच्या मखरातले थर्माकोलचे मणी स्थिर विजेने नळीला आतून चिकटतात, ते ओल्या फडक्याने टिपा. हळद-कुंकू कारपेटवर सांडलं तर मात्र व्हॅक्यूमच हवा. ब्रश बंद करून, फक्त नळीने, पाणी लागण्याआधी. ब्रश फिरला की तो कुंकू धाग्यांत घासून बसवतो.

आता दुकानात काय बघायचं.

खोक्यावरचे अँपियर विसरा. इथले बहुतेक मोठे अपराइट १२ अँपियरपर्यंतचे असतात. ती वीज किती खातो त्याची गोष्ट आहे, किती ओढतो त्याची नाही. १२ अँपियर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे १४४० वॉट. तुमच्या भिंतीतली १५ अँपियरची लाइन १८०० वॉट सोसते. म्हणून त्याच लाइनवर इन्स्टंट पॉटमध्ये डाळ शिजत असताना व्हॅक्यूम लावला की ब्रेकर पडतो, त्यात यंत्राचा दोष नसतो. युरोपीय संघाने २०१७पासून ९०० वॉटची कमाल मर्यादा घातली, तरी तिकडची कारपेटं झाडली जातातच. कारण कारपेट साफ करायचं निम्मं काम हवा करते आणि निम्मं तो ब्रश. ब्रश धागे झोडपून माती सुटी करतो, हवा ती उचलून नेते. दोन्ही हवेत.

त्यामुळे यंत्र आडवं करून ब्रश बघा. तो हाताने फिरवा, सहज फिरला पाहिजे. केसाळ दात रांगेने, दाट आणि ताठ हवेत. मग विक्रेत्याला विचारा, हा बाहेर कसा काढायचा? काही यंत्रांत बटण दाबलं की ब्रश बाजूने सरकून येतो, काहींत चार-पाच स्क्रू काढावे लागतात. तुमच्यासारख्या घरात तो महिन्यातून दोनदा बाहेर यायला हवा, आणि जे काम कटकटीचं ते होत नाही. केस कापायला शिवणकामातला उसवणीचा आकडा उत्तम, तो दातांच्या रांगेला समांतर ओढायचा. 'केस गुंडाळत नाही' असं लिहिलेले ब्रश केस कमी गुंडाळतात, टोकांची गुंडी मात्र त्यांनाही होते.

पट्टा दोन प्रकारचा. साधा चपटा रबरी पट्टा ताणून सैल होतो. तुटला नाही तरी ब्रश सावकाश फिरू लागतो आणि आपल्याला कळत नाही. असा पट्टा वर्षाला एक बदला, तुटायची वाट बघू नका. दुसरा दातेरी पट्टा घसरत नाही आणि अनेक वर्षं जातो, पण त्याबरोबर ब्रश अडला की वीज तोडणारं रक्षण हवं, नाहीतर पट्ट्याऐवजी मोटर जळते.

उंचीचा खटका असलाच पाहिजे. एकाच ठरलेल्या उंचीचं डोकं दाट मऊ कारपेटवर चिकटून बसतं, ढकलताना खांदा भरून येतो. सर्वांत वरच्या खाचेपासून सुरुवात करा आणि एकेक खाली या. ब्रश धाग्यांना लागल्याचा आवाज आला आणि यंत्र किंचित पुढे ओढू लागलं, की तीच तुमची खाच. त्याखाली नेलंत तर साफ जास्त होत नाही, पट्टा मात्र झिजतो. ब्रश बंद करायचं स्वतंत्र बटण हवं. लाकडी फरशीवर फिरता ब्रश पोहे, तांदूळ, मोहरी ओढण्याऐवजी मागे उडवतो. आणि माहेरचा तो गालिचा! त्याच्या झालरीवर फिरता ब्रश कधीही नेऊ नका, एका क्षणात गोंडे आत जातात. हातविणीच्या लोकरीला ब्रश बंद ठेवून, धाग्यांच्या कलाने, साधी ओढ पुरे. महिन्यातून एकदा गालिचा उलटा घालून पाठीवरून व्हॅक्यूम फिरवा, खालून रेती गळते.

गाळणीबद्दल नीट बोलायला हवं, कारण इथे शब्दांचा खेळ फार. खऱ्या 'हेपा' फिल्टरची अमेरिकेतली व्याख्या अशी : ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. 'हेपासारखा' किंवा 'हेपा प्रकारचा' या शब्दांना असं कुठलंच बंधन नाही. पण फिल्टर खरा असूनही यंत्राच्या सांध्यांतून हवा गळत असेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून बाहेर येते. म्हणून पिशवीच्या कप्प्याच्या झाकणाला सलग रबरी गॅस्केट आहे का, झाकण घट्ट बसतं का, हे बोट फिरवून बघा. 'पूर्ण बंदिस्त' हा शब्द माहितीपत्रकात शोधा. कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट ही अमेरिकी कारपेट-उद्योगाची संस्था व्हॅक्यूमना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी मोहर देते. त्यात माती किती निघते याबरोबर धूळ किती बाहेर सुटते आणि कारपेट किती विस्कटतं हेही तपासलेलं असतं. ती मोहर असली तर चांगलंच. आणि यंत्र कितीही चांगलं असलं तरी ब्रश थोडी धूळ हवेत उडवतोच. सासूबाईंना त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर बसवा आणि त्यांच्या चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात, १३० अंश फॅरनहाइटला धुवा. धुळीतल्या किड्यांसाठी ते धुणं व्हॅक्यूमइतकंच महत्त्वाचं.

वजन दुकानात हातात घेऊनच ठरवा. सोळा ते वीस पौंडांचं यंत्र सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर चालतं, जिन्यावर ते तुमच्या मनगटावर असतं. जिन्यासाठी यंत्र खाली उभं करून नळीने पोचेल तितक्या पायऱ्या वर जा, मग यंत्र वर नेऊन उरलेल्या वरून खाली. मधल्या पायरीवर उभं करू नका, नळी ताणली की ते अंगावर येतं. वायर तीस फुटांच्या पुढची असली तर एका सॉकेटवर एक-दोन खोल्या होतात. एक्स्टेन्शन लावावीच लागली तर १४ गेजची, म्हणजे जाड वायरची. दिव्याच्या माळेची बारीक वायर या भाराने तापते.

हे सगळं बघून झालं की खरा प्रश्न विचारा. या मॉडेलचा पट्टा, ब्रश, नळी, पिशवी आणि फिल्टर सुटे मिळतात का, आणि प्रत्येकाची किंमत काय? मॉडेल नंबर घालून स्वतःच शोधून बघा. ब्रश सुटा न मिळता 'अख्खं डोकंच घ्या' असं असेल, तर ते यंत्र दोन-तीन वर्षांत फेकायचं म्हणूनच बनवलेलं आहे. कंपनीच्या पाच वर्षांच्या वॉरंटीत पट्टा, ब्रश, फिल्टर बहुधा नसतात, आणि बिघडतं तेच.

आता हिशेब. आकडे ढोबळ आहेत, दहा वर्षांचे. तुमच्या आजवरच्या गतीने दीडशेचे चार व्हॅक्यूम म्हणजे सहाशे, वर फिल्टरचे दीड-दोनशे, एकूण साडेसातशे-आठशे. २८०चा पिशवीवाला एकच टिकवला तर पिशव्या साडेतीनशे, पट्टे साठ, एक ब्रश चाळीस, फिल्टर सव्वाशे, एकूण साडेआठशेच्या आसपास. सहाशेचा घेतला तर त्याच रीतीने पावणेबाराशेपर्यंत जातो. महाग घेतलं की शेवटी स्वस्तच पडतं, असं विक्रेते सांगतात ते या आकड्यांत बसत नाही. सहाशेवाल्यात २८०वाल्यापेक्षा वर्षाला तीसेक डॉलर जास्त जातात, ते बंदिस्त गाळणीचे आणि कमी कटकटीचे. दमा नसता तर आम्ही तुम्हाला जुन्याचीच निगा राखायला सांगितलं असतं.

म्हणून क्रम असा. आधी जवळचं व्हॅक्यूम दुरुस्तीचं स्वतंत्र दुकान शोधा. गंमत म्हणजे अमेरिकेत ही दुकानं बरेचदा शिलाई मशीनही विकतात. तिथे नवीन यंत्र देऊन लोकांनी बदललेले, पट्टा-ब्रश-फिल्टर नवे घातलेले चांगल्या जातीचे पिशवीवाले अपराइट अनेकदा दीडशे ते तीनशेत मिळतात. घेताना लेखी गॅरंटी मागा, तीन महिन्यांची तरी. जर्मनीत बनणारे सेबोचे अपराइट तिथे दिसले तर उलटवून बघाच. त्यांचा ब्रश बटणाने निघतो, आणि एक्स मालिकेत ब्रश झिजल्याचा दिवाही लागतो. नवे तुमच्या बजेटच्या पार बाहेर, पण सुटे भाग मिळत राहतात. असं दुकान नसलं तर अडीचशे-तीनशेतला पिशवीचा, उंचीचा खटका आणि हेपा असलेला नवा घ्या. ऑफिसं झाडायला वापरतात ते सॅनिटेअरसारखे कापडी झोळीचे साधे यंत्र दणकट आणि दुरुस्तीला सोपे खरे, पण त्यांत कचरा पंख्यातूनच जातो आणि कापडी झोळीतून धूळ सुटते. तुमच्या घरात नको.

काळ्या फडक्याचा खेळ सांगून टाकतो. कारपेटवर कुठलाही व्हॅक्यूम फिरवून झाल्यावर दुसरा फिरवला की आणखी माती निघतेच. त्या विक्रेत्याच्या यंत्रानंतर तुमचा दुरुस्त केलेला यंत्र फिरवला असता तरी फडकं मळलं असतं. आणि समजा कुणी भिडेपोटी सही केली, तर घरी झालेल्या २५ डॉलरवरच्या विक्रीला अमेरिकेत केंद्रीय नियमाप्रमाणे तीन कामकाजी दिवसांत कारण न देता रद्द करता येतं. विक्रेत्याने रद्द करायच्या फॉर्मच्या दोन प्रती दिल्या पाहिजेत. एक भरून तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत पोस्टात टाका आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

नणंदबाईंचं म्हणणं स्वयंपाकघरापुरतं बरोबर आहे. कॉर्डलेस हलका, ओट्याखालचा रोजचा केर पटकन निघतो. पण दाट कारपेटला लागतो त्या जोरावर बहुतेकांची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत दमते, आणि काही वर्षांनी ती बॅटरीच बदलावी लागते. तीन बेडरूम त्यावर काढू नका. रोबो खालच्या लाकडी फरशीवर कामाचा, जिना त्याला चढता येत नाही, आणि गालिच्याची झालर तो हमखास खातो.

पुण्याला नेऊ नका. इथलं यंत्र १२० व्होल्टचं, तिकडे २३०. थेट लावलं तर मोटर क्षणात जाते. १४४० वॉटसाठी ट्रान्सफॉर्मर दोन हजार वॉटचा तरी लागेल, तो स्वतःच व्हॅक्यूमइतका जड. आणि आईबाबांची फरशी टाइल्सची असेल, तिथे अपराइटचा ब्रश काही कामाचा नाही. गाद्या, सोफा आणि पंख्यांवरच्या धुळीसाठी त्यांना तिथेच मिळणारा, मागे ओढत न्यायचा पिशवीवाला व्हॅक्यूम घेऊन द्या. लांब दांडा आणि मऊ केसांचा गोल ब्रश सोबत येतो का तेवढं बघा, आणि पिशव्यांची दोन पाकिटं त्याच दिवशी घेऊन ठेवा.